पार्किंगमधले तपासनीस

आमच्या सोसायटीत त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. दारावरच्या पाटीवर नाव होतं ते मुलाचं, आणि मुलगा बंगळुरात. त्यामुळे वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे त्यांना चेकरकाका म्हणत. शहर बसमध्ये तिकीट तपासनीस म्हणून उभं आयुष्य काढून ते निवृत्त झाले होते. निवृत्त झाल्याचं त्यांना कुणी नीट समजावून सांगितलेलं दिसत नव्हतं.

लिफ्टमध्ये कुणी भेटलं की माणसं चेहऱ्याकडे बघतात. हे आधी हातांकडे बघायचे. हातात काय आहे, मूठ झाकलेली आहे का, खिशाकडे चाललीय का. मग चेहरा. "ज्याच्याकडे तिकीट असतं तो खिडकीबाहेर बघतो," ते सांगायचे. "ज्याच्याकडे नसतं तोही खिडकीबाहेरच बघतो. पण त्याला बाहेरचं काही दिसत नसतं." इस्त्रीचे कपडे घातलेल्या माणसाचं तिकीट आधी बघायचं, हा त्यांचा दुसरा नियम. मळक्या कपड्यांतला माणूस तिकीट काढतो, कारण त्याला माहीत असतं की त्याला विचारणारच आहेत.

मूळचे कसबा पेठेतले. हडपसरला राहतो असं ते कधी म्हणाले नाहीत. "सध्या हडपसरला उतरलोय," म्हणायचे. उतरून सहा वर्षं झाली होती. लहानथोर सगळ्यांना 'आपण' म्हणायचे. आमच्या गेटपाशी झोपणाऱ्या कुत्र्यालासुद्धा. "आपण जरा सरकता का," असं अगदी शांतपणे विचारायचे आणि कुत्रं सरकेपर्यंत थांबायचे.

रोज सकाळी अकराच्या सुमाराला ते बसने निघत. कामाला नव्हे. लोकांनी बसमध्ये टाकलेली तिकिटं वेचायला. टाकलेलं तिकीट दुसरा उचलतो आणि त्यावर फुकट जातो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. ते होऊ नये म्हणून हे स्वतः उचलायचे आणि घरी बिस्किटांच्या डब्यात ठेवायचे. डबे सहा झाले होते. सून सुट्टीत आली की डबे फेकायला काढी, आणि चेकरकाका ते परत आणून ठेवत.

तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटाही त्यांच्याकडे होता. सोसायटीच्या सूचनाफलकावर लागलेला कागद ते आधी वाचत. त्यात काही पुराव्याशिवाय लिहिलेलं असलं, की त्या शब्दावर टक् करून भोक. 'काही सभासदांच्या बेजबाबदारपणामुळे पाणी लवकर संपते' या सूचनेत 'काही सभासदांच्या' या जागी एकदा नुसती खिडकीच झाली होती. सेक्रेटरी खूप चिडले. चेकरकाकांचं म्हणणं एवढंच: "कोण ते लिहा. भोक मी आतून कागद लावून बुजवून देतो."

मला ते आवडायचे, हे उघड आहे. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. बाबा कारखान्यातल्या युनियनचे. पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे, माळ्यावर पत्रकांचे गठ्ठे, आणि गॅसच्या शेगडीखाली पसरायलाही पत्रकंच. 'कमळ' वाचता येण्याआधी मला 'धिक्कार' वाचता येत होतं. त्यामुळे सत्तेने चिकटवलेल्या कागदाला भोक पाडणारा माणूस शेजारच्या जिन्यात राहतो, याहून मोठं भाग्य मला कॉलेजच्या वयात दिसत नव्हतं. तो माणूस माझ्याही कागदाला भोक पाडेल, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

ते झालं गाड्यांच्या चोऱ्यांच्या वेळी.

तीन आठवड्यांत आमच्या पार्किंगमधल्या तीन गाड्या फोडल्या. निदान तसं सगळे म्हणत होते. पहिल्या गाडीतला स्टिरिओ गेला. दुसरीतली लॅपटॉपची बॅग. तिसरी चेअरमनसाहेबांची, तिच्यातला गॉगल आणि गाण्यांच्या सीडींचा संच गेला. चोराने काच कशी फोडली होती ते चेअरमनसाहेबांनी हातवारे करून सांगितलं. दुसऱ्या दिवसापर्यंत पहिल्या दोघांच्याही काचा फुटल्या होत्या. आठवडाभरात चोरांची टोळी झाली, टोळीकडे जीप आली, आणि ए बिल्डिंगमधल्या एका आजींनी ती जीप पाहिलीही.

रविवारी सकाळी पार्किंगमध्येच मिटिंग भरली. खुर्च्या, चहा, आणि सगळे एकदम बोलतायत.

"कॅमेरे लावा."

"कॅमेऱ्यात चोर दिसतो, थांबत नाही."

"भिंत वाढवा."

"पेपरवाला, दूधवाला, सगळ्यांचे फोटो घ्या. हे पूर्वी शेत होतं ना, तेव्हापासून वाट्टेल तो आत येतो."

यावर ज्यांचं पूर्वी शेत होतं ते सी बिल्डिंगमधले काका शांतपणे म्हणाले, "शेत होतं तवा कायबी चोरीला गेलं न्हाई. गाड्या तुमीच आनल्या."

मग सेक्रेटरी उभे राहिले. घसा साफ केला. "कटू आहे, पण बोलावं लागतं. रोज पहाटे सगळ्या गाड्यांना हात कोण लावतं?"

सगळ्यांनी नळाकडे बघितलं. तिथे सुमनताई बादली भरत होत्या.

सुमनताई लोणी काळभोरहून पहिल्या बसने यायच्या. सहाला हजर. अकरा गाड्या धुवायच्या, पार्किंग झाडायचं, दहाला परत. पन्नाशीच्या, उंच, आणि कमी बोलणाऱ्या. घर त्यांच्या कामावर चालायचं. आणि हडपसरमध्ये एका सोसायटीने चोर म्हणून काढलं, की दुसरी सोसायटी गेटच्या आत घेत नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि बोलणाऱ्यांनाही.

"तिकीट?" मागून आवाज आला. चेकरकाका. पुरावा मागायचा असला की ते हा एकच शब्द वापरत.

"काका, हे काही बसमधलं प्रकरण नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"बरोबर. बसमध्ये तिकीट न विचारता कुणाला खाली उतरवत नाहीत."

बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं, की पुढच्या रविवारपर्यंत काही वेगळं समोर आलं नाही तर सुमनताईंना गेटच्या आत घ्यायचं नाही. सुमनताईंनी सगळं ऐकलं. बादली भरली होती, ती उचलली आणि चेअरमनसाहेबांची गाडी धुवायला घेतली.

मी त्याच दुपारी पत्रक लिहिलं. मथळा: 'पिंजऱ्यात कोण?' श्रीमंतांच्या गाड्या फुटल्या की गरिबाच्या पोटावर पाय का, असा सवाल. शोषण आलं, व्यवस्था आली, शेवटी तीन वेळा धिक्कार आला. झेरॉक्स काढून घराघरांत दाराखालून सरकवलं. संध्याकाळी चेकरकाकांनी त्यांच्या दाराखालची प्रत मला परत आणून दिली. दोन भोकं होती. एक 'गाड्या फुटल्या' यावर आणि दुसरं 'निर्दोष सुमनताई' यावर.

मी चिडले. "म्हणजे तुम्हालाही त्या चोर वाटतात?"

"मला काही वाटत नाही. आपल्याला कशावरून निर्दोष वाटतात?"

"कष्टाने जगणारी बाई आहे. रोज इतक्या लांबून येते."

"हे तिकीट नव्हे, हा पास झाला," ते म्हणाले. "पास दाखवून आपण ह्या महिन्यात सुटाल. उद्या पासाची मुदत संपली की? आणि गाड्या फुटल्या हे आपल्याला कुणी सांगितलं?"

"सगळेच सांगतायत."

"सगळे सांगतात तेव्हा एकाने पाहिलेलं असतं. कधीकधी तेवढंही नसतं."

दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी साडेसहाला पार्किंगमध्ये फेरी मारू लागले. हातात वही. प्रत्येक गाडीच्या दाराचा खटका ओढून बघायचा आणि वहीत खूण करायची. खिडकीतून मी बघत होते. मध्येच वाकायचे, दार उघडायचे, आत हात घालायचे, दार बंद करायचे. काय करतायत ते मला समजलं नाही. बुधवारी समजलं. सोसायटीला मात्र भलतंच समजलं.

लोकांना ड्रायव्हरच्या सीटवर बसची तिकिटं सापडू लागली. वापरलेली, चुरगळून सरळ केलेली. बुधवारी पाच गाड्यांत, गुरुवारी आणखी सातांत, शुक्रवारपर्यंत एकोणीस. पार्किंगमध्ये हाहाकार माजला. चोर आता मुद्दाम खूण ठेवून जातो, असं चेअरमनसाहेब म्हणाले. दार कसं उघडतो, असं कुणी विचारलंच नाही. एकाने विचारलं, त्याला दुसऱ्याने सांगितलं, "मास्टर किल्ली असते त्यांच्याकडे."

सेक्रेटरींनी सगळी तिकिटं गोळा करून प्लास्टिकच्या पिशवीत भरली. मग त्यांना सुचलं ते त्यांनी शुक्रवारी संध्याकाळी फलकावर लावलं: 'आपल्या आवारात नियमित बसने कोण येते, याचा सभासदांनी विचार करावा.' या कागदाला भोक पडलं नाही. त्या दिवशी चेकरकाका फलकासमोर बराच वेळ नुसते उभे होते.

शनिवारी सकाळी सुमनताईंनी त्यांना गाठलं. मी जिन्यातच होते.

"काका, ती तिकिटं तुमची हायती ना?"

"हो."

"मला वाटलंच. तुमच्याबिगर कोन तिकीट सरळ करून ठिवतंय. तुमी माजं भलं कराया गेला आन मलाच गळफास लावला. समदी म्हनत्यात बशीनं मीच येते."

"मीही बसनेच जातो."

"तुमी साहेब हाय. तुमच्याकडं कोन बगतंय."

आयुष्यभर इस्त्रीचे कपडे आधी तपासणाऱ्या माणसाच्या अंगावर स्वतःच्याच इस्त्रीचा पांढरा शर्ट होता, आणि हे त्यांनी हिशेबात धरलं नव्हतं. "उद्या मिटिंगला थांबाल का आपण?" एवढंच ते म्हणाले. "थांबनारच. पळून गेले तर चोरच ठरंन," असं म्हणून त्या झाडू घेऊन गेल्या.

तिथून काका थेट सेक्रेटरींच्या घरी गेले आणि सोसायटीची ठरावांची वही मागितली. सभासदाला ती नाकारता येत नाही.

आता आमच्या पार्किंगबद्दल सांगायला हवं. बिल्डरने ते बांधलं तेव्हा घरटी एक स्कूटर असेल, असा त्याचा अंदाज असावा. मग गाड्या वाढल्या आणि एकामागे एक लागू लागल्या. मागची हलवल्याशिवाय पुढची निघेना. पुण्यातल्या निम्म्या सोसायट्यांत यावर एकच उपाय असतो: मागच्याने गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, हँडब्रेक लावायचा नाही, म्हणजे पुढच्याला ती ढकलून वाट काढता येते. पण आमच्या पार्किंगला गेटकडे उतार. या उपायाच्या पहिल्याच दिवशी एक पांढरी गाडी मालकाला न घेता गेटपर्यंत गेली होती. त्यावर गाडीवाल्यांनी स्वतःची मिटिंग घेऊन तोडगा काढला होता. आम्हा बिनगाडीवाल्यांना त्या मिटिंगचं बोलावणं नव्हतं, म्हणून मला किंवा काकांना त्याचा पत्ता नव्हता.

रविवारी सेक्रेटरींनी पिशवी टेबलावर ठेवली. "एकोणीस गाड्या," ते म्हणाले. "चोर एकोणीस गाड्यांत शिरला. आणि ही बसची तिकिटं. आता बसने येतं कोण, हे मी सांगायला नको."

"मी येतो," चेकरकाका उठून म्हणाले.

"काका, तुमचं वेगळं."

"वेगळं कसं? ती तिकिटं माझी आहेत. मी ठेवली."

मग सगळे एकदम बोलू लागले. "तुम्ही आमच्या गाड्यांत शिरलात?"

"शिरलो नाही. दार उघडलं, तिकीट ठेवलं, दार लावलं. आपण पोलिसांत द्या, मी येतो बरोबर. फक्त तिथे विचारतील दार कसं उघडलं. कुलूप तोडलं असं आपण म्हणालात, तर तोडलेलं कुलूप दाखवावं लागेल."

"कसं उघडलंत मग?"

"खटका ओढून." त्यांनी वही उघडली. "एकूण गाड्या एकेचाळीस. उघड्या एकोणीस, म्हणून तिकिटं एकोणीस. पाच दिवस रोज त्याच एकोणीस. आणि एकोणीसही मागच्या रांगेतल्या. मला हे समजेना, म्हणून काल ठरावांची वही वाचली." त्यांनी चष्मा लावला आणि बसमधल्या पट्टीतच वाचलं: "'उतार असल्यामुळे मागील रांगेतील वाहनांनी हँडब्रेक लावावा. परंतु पुढील वाहनचालकास तो सोडून गाडी ढकलता यावी यासाठी चालकाकडील दार कुलूप न लावता ठेवावे. ठराव एकमताने मंजूर.' खाली सही सेक्रेटरींची. ज्या तीन गाड्यांत चोरी झाली त्या तिन्ही मागच्या रांगेतल्या. मला आपलं विचारायचंय, एकमताने मंजूर म्हणजे चोराचंही मत धरलं होतं का?"

हे सगळ्या गाडीवाल्यांना माहीतच होतं. रोज रात्री प्रत्येक जण स्वतःच्या हाताने गाडी उघडी ठेवून वर जात होता. पण गाडी उघडी राहिली असं घरी सांगण्यापेक्षा गाडी फोडली असं सांगणं बरं असतं. विनातिकीट माणूस तिकीट काढलं नाही असं कधी म्हणत नाही, हे काका मला नेहमी सांगत. तो म्हणतो, वाऱ्याने उडालं.

चेअरमनसाहेबांनी शेवटचा प्रयत्न केला. "ते असू द्या. माझी तर काच फोडली होती."

नळाजवळून सुमनताई पुढे आल्या. आवाज चढवला नाही. "साहेब, तिन्ही येळेला पार्किंग मीच झाडलं. तीन गाड्यांच्या काचा फुटल्या म्हनता. मंग त्या काचा झाडल्या कुनी?"

चेअरमनसाहेब टेबलावरच्या चहाकडे बघू लागले. दुसऱ्या रांगेतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, मला तर तुम्ही काचा वेचताना बोट कापलं म्हणून सांगितलंत."

"घरी बोलू," ते म्हणाले.

ठराव रद्द झाला. सोमवारी एकेचाळीस जणांनी गाड्यांना कुलूप लावलं, आणि मंगळवारी सकाळी आठला सोसायटीत प्रलय झाला. पुढचे हॉर्न वाजवतायत, मागचे अंघोळीत. टॉवेल गुंडाळलेले दोन इंजिनिअर किल्ली घेऊन जिना उतरले. बुधवारी सगळ्यांच्या लक्षात आलं, की मागच्या रांगेच्या जास्तीच्या किल्ल्या खाली कुणाकडे तरी ठेवायला हव्यात. पण कुणाकडे? सेक्रेटरींकडे नको, कोण कधी कुठे जातं ते त्यांना कळेल. चेअरमनसाहेबांकडे नको, कारण कुणी सांगितलं नाही. वॉचमन एजन्सीचा, महिन्याला बदलतो. मग डी बिल्डिंगमधल्या एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सकाळी सहा ते दहा इथे एकच माणूस असतं."

सुमनताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "ठिवीन की. पन आधी लिवून द्या. मिटिंगीत चोर म्हनला, तर मिटिंगीतच न्हाई म्हना. आन तितं चिकटवा, जितं ते चिकटवलं हुतं."

शब्द ठरवायला कमिटीला दीड तास लागला. मी मसुदा करून द्यायची तयारी दाखवली, ती नम्रपणे नाकारण्यात आली. शेवटी कागद लागला. 'श्रीमती सुमन यांच्यावर पुराव्याशिवाय संशय घेतल्याबद्दल सोसायटी दिलगीर आहे.' सुमनताईंनी तो बोट ठेवून वाचला आणि मग वॉचमनच्या खोलीतलं किल्ल्यांचं कपाट ताब्यात घेतलं.

इथे माझं पत्रक संपलं असतं. शोषितांचा विजय, खाली तारीख. पण तिसऱ्याच दिवशी चेकरकाका साडेसहाला वही घेऊन त्या खोलीच्या दाराशी हजर झाले. किल्ल्या मोजायच्या म्हणाले. माझं डोकंच फिरलं.

"इतकं होऊनही तुम्ही त्यांना तपासणार?"

"का नाही? सेक्रेटरींची वही तपासली, आपलं पत्रक तपासलं. त्यांनाच वगळलं तर ती मेहेरबानी झाली. मेहेरबानी उद्या कुणीही काढून घेतं."

मी आणखी भांडणार होते. सुमनताईंनी हात करून मला थांबवलं. काकांच्या वाटेत उभ्या राहिल्या.

"बगा की किल्ल्या. पन आधी तुमची पिशवी दावा."

"माझी?"

"येताना एकदा दावायची, जाताना एकदा. पिशवीत काय नेता, मला कसं कळंन?"

सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाने खांद्यावरची कापडी पिशवी काढून गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि उघडून धरली. सुमनताईंनी घाई केली नाही. चष्म्याचं घर उघडून बघितलं. गोळ्यांची पाकिटं उलटीपालटी केली. अर्धी खाल्लेली शेंगदाण्याची पुडी हुंगली. रुमालाची घडी उलगडली आणि पुन्हा घालून ठेवली.

"हां," त्या म्हणाल्या. "जावा आत."

काका आत गेले. त्यांनी एकोणीस किल्ल्या मोजल्या, वहीत सही केली, बाहेर आले आणि न सांगता पुन्हा पिशवी उघडून धरली.

दुसऱ्या दिवशी ते सव्वासहालाच पिशवी उघडून उभे होते.